अण्णांची कवळी
भाजक्या शेंगांचा वास आला की मी बसवनगुडीच्या जत्रेतली सात वर्षांची मुलगी होते. दात न येण्याचा दोष मला अण्णांकडून, माझ्या वडिलांकडून आला होता. शेंगा विकणाऱ्या अक्कांनी मूठभर दाणे पुढे केले, तसे मी ओठ घट्ट मिटले. कवळीशिवाय कधी आईसमोरही न येणाऱ्या अण्णांनी तिथेच कवळी काढून खिशात टाकली आणि बोळकं पसरून म्हणाले, "अक्का, आम्हां दोघांना कुटून द्या, स्वल्प गूळ घालून." एकाच पुडीतला कूट आम्ही मिटक्या मारत खाल्ला. आता अण्णा नाहीत आणि माझी कवळी काहीही चावते. तरी जत्रेत मी ती काढते, कूट घेते आणि अण्णांच्या वाटणीची अर्धी पुडी तशीच घरी आणते.