जेवणाला भ्यालेली विजू

"विजू गेली," एवढंच दिनकरराव फोनवर बोलले. मग "ऑपरेशन तर झालं हुतं की ओ ताई," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, जणू मीच काहीतरी चुकीचं ऐकलं होतं.

विजू माझी गडहिंग्लजची शाळेतली मैत्रीण. लग्नानंतर कोल्हापुरात, राजारामपुरीत, तिनं नवऱ्यासोबत, म्हणजे दिनकररावांसोबत, खानावळ काढली. क्लासला आलेली मुलं तिथं जेवायची. कुणी लाजून "बास" म्हणालं, तरी विजू भाकरी वाढूनच पुढं सरकायची. बोलणं सगळं ओरडून. त्यामुळं गेल्या वर्षी पोट दुखतंय म्हणाली, तेव्हा लोकांचं लक्ष तिच्या आवाजाकडं गेलं, पोटाकडं नाही. एका डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हटलं, दुसऱ्यांनी टेन्शन. सोनोग्राफीत काही निघालं नाही, तेव्हा घरी पेढे वाटायचेच काय ते राहिले. दुखणं मात्र प्रत्येक जेवणामागून येतच होतं. पायांवर जांभळी जाळी उठली होती. एका पायातली चप्पल निसटून मागं राहायची आणि तिला कळायचंही नाही. तेही तिनं सांगितलं. पायाचं हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, असं उत्तर मिळालं.

माझ्या भाचीच्या लग्नात ती भेटली तेव्हा निम्मी झाली होती. बायकांनी तिला गराडा घातला. "काय केलंस गं? आम्हालाबी सांग की!"

"काय न्हाय केलं. जेवणाला भ्यालो," विजू म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. ती हसली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, खानावळीत दुपारची गर्दी असताना, ती पोट धरून खाली बसली ती उठलीच नाही. पोट फळीसारखं कडक झालेलं. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, आतड्याला रक्त नेणाऱ्या नळ्यांना सूज येऊन त्या बंद पडल्या होत्या. आतडं काळं पडून फुटलं. पायांवरची जाळी आणि निसटणारी चप्पलही त्याच सुजेमुळं. आधी कळलं असतं तर औषधं होती.

"मग आदी कुणाला कसं कळलं न्हाय?" दिनकररावांनी विचारलं.

"फार दुर्मिळ असतो हो हा आजार."

असेल. दुखणं रोजचं होतं, आणि ती रोज सांगत होती... दोन दिवसांनी ती गेली.

परवा मी खानावळीत गेले होते. दिनकरराव एकटेच वाढत होते. एका मुलानं ताटात निम्मी भाकरी तशीच ठेवली. दिनकरराव त्याच्यापाशी थांबले. "पोटात दुखतंय काय?" मुलं हसायला लागली. ते ताट न उचलता उभेच राहिले, तो नीट उत्तर देईपर्यंत.