चिमाबाईंनी आणलेला कडू घास

वारूळवाडीच्या चिमाबाई नारायणगावातल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात मावशी होत्या. फरशी पुसणं, चादरी बदलणं, एवढंच त्यांचं काम. पण एवढ्यावर गप्प बसतील त्या चिमाबाई कसल्या!

अठ्ठ्याण्णव साली आणे गावची चार वर्षांची भागू न्यूमोनियानं भर दुपारी गेली. अकरा दिवस तिला पेज भरवली होती ती अवसरीच्या अक्षदा सिस्टरनं. आईबाप पोरीला घेऊन गेले आणि तासाभरात त्याच खाटेवर दुसरं लेकरू आलं. डॉक्टर म्हणाले, सिस्टरनं पेशंटपुढं रडायचं नाही. झालं! डोळ्यांना काय नळाची तोटी असते का?

अक्षदा रडली नाही, पण जेवलीही नाही. सुई टोचायची वेळ आली की दुसऱ्या सिस्टरला पुढं करायची. आपलंच काहीतरी चुकलं, असं तिच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी राजीनामाच लिहून आणला. चिमाबाईंना वाटलं, अशी मायेची पोर गेली तर उरलेल्या लेकरांनी जायचं कुणाकडं?

आपल्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही, सोयरेच भाकरी आणून कडू घास भरवतात. चिमाबाईंनी आपलं घर गाठलं, फडक्यात पिठलं-भाकरी बांधून आणली आणि अक्षदाला चादरींच्या खोलीत बसवलं. ती म्हणाली, हा घास घरच्यांचा, मी भागूची कोण?

“अकरा दिस तिला भरवलंस, मंग तू परकी कशी गं?”

तेवढ्यानंही ती खाईना. मग चिमाबाई थेट डॉक्टरांकडं गेल्या. केसपेपर घ्या आणि तिच्याशेजारी बसून वाचा, म्हणाल्या. डॉक्टर केसपेपर घेऊन आले. एकेक डोस, एकेक वेळ वाचून दाखवली. अक्षदाचं कुठंच काही चुकलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला आणि अडलेलं रडू एकदम फुटलं. डॉक्टरांनी थांबवलं नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले,

“मावशी, मीपण कालपासून जेवलो नाही.”

अक्षदानंच भाकरी मोडून त्यांच्या हातावर ठेवली. राजीनाम्याचं पुढं कुणी नावही काढलं नाही.

तेव्हापासून लेकरू गेलं की सगळे त्या खोलीत बसत, केसपेपर वाचत, मनसोक्त रडत, जेवत आणि मग कामाला लागत. दोन हजार आठ साली चिमाबाई थकून घरी बसल्या. आता हे कोण बघणार, एवढाच घोर होता. एका सकाळी अक्षदा वारूळवाडीला आली, तीही घाईतच. काल एक लेकरू गेलं होतं, तेव्हापासून नवी सिस्टर उपाशी होती, आणि अक्षदाला पिठलं नीट जमत नव्हतं.