मानखुर्दला तुटलेला पाटा

आमच्या बाबांनी आयुष्यात चैनीची एकच वस्तू केली आणि तिची एवढी निगा राखली की ती वापरायला त्यांना वेळच मिळाला नाही.

ती वस्तू म्हणजे जीपमागे ओढायचा 'फिरता बंगला'. हा बाबांचा शब्द. मुलुंडच्या आमच्या इमारतीत तिला भेळेची गाडी म्हणत. बाबा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ऑफिसात आलेल्या एका विलायती मासिकात त्यांनी चित्र पाहिलं होतं: मोटारीमागे चाकांवरचं छोटं घर, घरापुढे खुर्ची टाकून बसलेलं गोरं जोडपं, आणि दोघांच्या चेहऱ्यावर कसलीच काळजी नाही. हे जोडपं दर रविवारी गाडीखाली आडवं होऊन नटबोल्ट तपासत नसणार, हे बाबांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली, तिच्यासोबतचा दोन चाकांचा सामानाचा ट्रेलर घेतला आणि कुर्ल्याच्या एका सुताराकडून त्यावर प्लायवूडची खोली चढवली. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत दोन बाकं, एक कपाट, एक छोटं सिंक आणि दाराला आतून कडी.

त्या कडीबद्दल सांगायला हवं. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात आजी, आजोबा, काका, आईबाबा, मी आणि धाकटा भाऊ, असे सातजण. आई स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण घालायची. एकट्याला आतून कडी लावता येईल असं घरात एकच दार होतं, मोरीचं, आणि तिथेही दोन मिनिटांत बाहेरून कोणीतरी "झालं का?" विचारायचं. मे महिन्यात आम्ही मालवणकडे गावी जायचो. तिथे आईला हवापालट म्हणून ओट्याऐवजी चूल मिळायची. त्यामुळे बाबांनी जेव्हा जाहीर केलं की दिवाळीच्या सुट्टीत आपण चौघंच अलिबागच्या पुढे एका ओळखीच्या वाडीत समुद्राकाठी चार दिवस राहायचं, तेव्हा आईने समुद्राबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ती खाली अंगणात गेली, ट्रेलरमध्ये शिरली आणि कडी लावून पाहिली. मग तिने जुन्या साडीचे पडदे शिवले.

पहिल्या वर्षी आम्ही गेलो नाही, कारण बाबांना पाट्यांची शंका आली. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. चाकाला बसणारा हादरा ती कमान गिळते, म्हणून वरच्या खोलीतली कपबशी शाबूत राहते. बाबांच्या मते पाट्याच्या टोकाचा बुश झिजला होता. दुसऱ्या वर्षी पाटे आसाला आवळून धरणाऱ्या बोल्टचे आटे गेले होते. तिसऱ्या वर्षी पाटेच बसले. डावी बाजू दोन बोटं खाली आली होती. येणारच. जाणं होत नाही म्हणताना बाबांचा उत्साह आत भरला जात होता. सागवानी फडताळ आलं, पाण्याचं पिंप आलं, घडीचं टेबल आलं. शिवाय खोली रिकामी पडलीये म्हटल्यावर आजोबांच्या दोन ट्रंका आणि काकांचा कॅरम बोर्डही तिथे राहायला गेले. घरातल्या सगळ्यांनी त्या बंगल्यात सुट्टी घालवली, फक्त आई सोडून.

रविवारी सकाळी बाबा पाट्यांवर हातोडी मारायचे. चांगला पाटा खणखणीत वाजतो आणि चिरलेला भद्द वाजतो, हे त्यांचं ज्ञान. एक ठोका मारायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे. मग ग्रीस, मग पुन्हा ठोका. खिडक्यांतून माणसं बघायची आणि बाबांना वाटायचं ती कौतुकाने बघताहेत. एवढं करून सहल रद्द करायची वेळ आली की ते अतिशय गंभीर चेहऱ्याने वर यायचे आणि आईला सांगायचे, "अगं, सेफ्टी फर्स्ट." आई पडदे काढायची, धुवायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. मला तेव्हा बाबांचा मनस्वी राग यायचा, आणि खरं सांगते, आईचाही यायचा.

चौथ्या वर्षी मी अकरावीत होते. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि वाहनांची पूजा असते. बाबांची टी-स्क्वेअर, काकांची सायकल, जीप आणि मागचा बंगला. पूजेआधी ट्रेलरला रंग द्यायचं काम आईकडे आणि माझ्याकडे होतं, कारण बाबा इंजिनियरिंगचा भाग बघत आणि रंग हा त्यांच्या मते बायकांचा भाग होता. आईने पाट्यांनाही लाल ऑइलपेंट द्यायचं ठरवलं. पूजेत छान दिसतील म्हणून. मी डबा धरून बसले आणि ती पॉलिश पेपरने गंज घासू लागली. घासता घासता तिचा हात थांबला. डाव्या बाजूच्या सगळ्यात वरच्या पाट्याला काठाशी केसाएवढी चीर होती. मीही पाहिली.

आईने मागे वळून जिन्याकडे पाहिलं. मग ती वर गेली आणि दाराच्या चौकटीतली भोकं बुजवायला रंगाऱ्याने आणलेली लांबी उरली होती, तिचा डबा घेऊन आली. बोटाने तिने ती चीर नीट भरली, वरून सपाट केली आणि वाळल्यावर लाल रंगाचे दोन हात दिले. चीर गेली. आम्ही आमच्या चौकटी अशाच दुरुस्त करायचो आणि त्या कधी पडल्या नव्हत्या. पोलाद आणि आंबा-फणसाचं लाकूड यांत फरक असतो, हे आम्हा दोघींना कोणी शिकवलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांना सांगितलं असतं, तर सेफ्टी फर्स्ट झालं असतं.

राहिली रविवारची हातोडी. तिचा बंदोबस्त आईने ज्या सफाईने केला त्याला तोड नाही. पूजा झाली, पाट्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ आली, नारळ फुटला. पुढच्या रविवारी बाबा हातोडी घेऊन निघाले तशी आई म्हणाली की पूजा केलेल्या वाहनाला प्रवास होईपर्यंत लोखंड मारत नाहीत. अशी कुठलीही प्रथा नाही. पण ऐकायला ती इतकी खरी वाटत होती की आजीने लगेच दुजोरा दिला, वर तिच्या माहेरीही असंच करायचे म्हणून सांगितलं. बाबा ऑफिसात स्वतःला नास्तिक म्हणवायचे. त्यांनी हातोडी मुकाट्याने खुंटीला लावली. तीन आठवडे आमच्या अंगणात रविवारची शांतता होती.

आणि आम्ही खरंच निघालो. दिवाळी झाल्यावर, सकाळी सातला. ट्रंका आणि कॅरम बोर्ड आईने स्वतः वर नेऊन ठेवले होते. अख्खी इमारत गॅलरीत उभी होती, काहींनी चक्क हात हलवले. बाबा वीसच्या स्पीडने चालवत होते. भांडुप गेलं, विक्रोळी गेली, घाटकोपर गेलं. आई पुढे बसून काचेतून बघत होती आणि तिच्या तोंडावर ते मासिकातल्या बाईचं हसू होतं. मी पहिल्यांदाच पाहिलं ते.

गोवंडी मागे टाकून मानखुर्दला आलो. खाडीचा पूल थोडा पुढे राहिला होता. रस्त्यात एक खड्डा आला, फार मोठाही नव्हता. मागून खण्ण असा आवाज झाला, मग घासल्यासारखा, मग जळक्या रबराचा वास. बाबांनी जीप बाजूला घेतली. फिरता बंगला डाव्या गुडघ्यावर बसला होता, चाक मडगार्डला टेकलं होतं. विलायतेचं चित्र घेऊन निघालेले आम्ही देवनारच्या कचऱ्याच्या वाऱ्यावर, उलट्या दिशेने येणाऱ्या टँकरांच्या धुरात उभे होतो. बाबा कपाळाला हात लावून मालवणीत पुटपुटले, "आता काय करूचा?"

नशिबाने त्या रस्त्यावर ट्रकवाल्यांची गॅरेजं होती आणि शंभर पावलांवर पाटे दुरुस्त करणारा एक कमानवाला होता. म्हातारा, दाढीवाला, कमी बोलणारा. त्याच्या माणसांनी ट्रेलर ढकलत त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत नेला, विटांवर टेकवला आणि डावे पाटे सोडवले. वरचा पाटा दोन तुकडे होऊन खाली पडला. म्हाताऱ्याने एक तुकडा उचलला, तुटलेली बाजू उजेडात धरली आणि बाबांना जवळ बोलावलं. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग लखलखत होता. उरलेला अर्धा काळपट होता आणि त्यावर पांढरा थर होता. त्याने नखाने तो थर खरवडला.

"ये चमकता है वो आज का. ये काला पुराना है," तो म्हणाला. "और साहब, इसमें किसीने लांबी भरेला है."

पोलादाच्या चिरेत लांबी भरलेली त्याने एवढ्या वर्षांत पाहिली नसावी. त्याने आपल्या माणसांना हाक मारून तो तुकडा दाखवला. ते सगळे बराच वेळ आदराने बघत राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेकडे पाहिलं.

आई ट्रेलरच्या दारात उभी होती. ती खाली उतरली आणि बाबांसमोर आली.

"मी भरली," ती म्हणाली. "तुम्हाला दाखवली असती तर यंदाही आपण मुलुंडलाच असतो."

बाबा चिडतील असं मला वाटलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "अगं, पुलावर तुटला असता तर? पोरं होती ना गाडीत."

आईचा चेहरा उतरला. पाटा तुटतो म्हणजे काय होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. तोवर तिच्या दृष्टीने ती फक्त एक चीर होती, जिच्यापायी तिची कडी जाणार होती. तिने भावाला जवळ ओढलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाबा म्हाताऱ्याला विचारत होते, किती वेळ लागेल. तो म्हणाला, एकच बाजू आहे, दुपारी चारपर्यंत देतो. म्हणजे सहल अजून शाबूत होती. संध्याकाळपर्यंत आम्ही पेणच्या पुढे असतो. आईने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याची तिला चांगली सोळा-सतरा वर्षांची सवय होती.

"उजव्या बाजूलाही आहे," आई म्हणाली. "तीही बघून घ्या."

मला ती दुसरी चीर ठाऊक नव्हती. मी ब्रश धुवायला वर गेले तेव्हा तिने ती एकटीने भरली होती.

उजवे पाटेही खाली आले. म्हातारा म्हणाला, आता दोन्हीकडे नवीन पट्टी, कमान मारायची, पाणी द्यायचं, परवा संध्याकाळी मिळेल. बाबांनी मनात हिशेब केला. परवा संध्याकाळ म्हणजे रजेचा जेमतेम एक दिवस उरणार. त्यांनी आईला विचारलं, बसने घरी जायचं का.

"तुम्ही जा," आई म्हणाली. "मी इथेच राहते."

कोणीच गेलं नाही. आम्ही आमची सुट्टी मानखुर्दला, एका कमानवाल्याच्या अंगणात, विटांवर ठेवलेल्या बिनचाकाच्या बंगल्यात घालवली. समोर खाडीचा चिखल, मागे घणाचे घाव, आणि वारा फिरला की माहुलकडून रिफायनरीचा वास, नाही फिरला की कचऱ्याचा. निवडीला वाव होता. दुपारी जेवणं झाली की आई आम्हा तिघांना बाहेर काढायची, पडदे ओढायची आणि कडी लावायची. आत ती काय करायची, माहीत नाही. बहुधा काहीच नाही. बाबा बाहेर घडीच्या खुर्चीवर बसून राहायचे आणि कोणी दाराकडे गेलं तर त्याला हाताने परत फिरवायचे. म्हाताऱ्यानेही त्या दोन दुपारी घण मारण्याचं काम पलीकडच्या शेडमध्ये नेलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटे चढले. बाबांनी हातोडी हातात घेतली, मग ती आईपुढे धरली. आईने प्रत्येक पाट्यावर एकेक ठोका मारला आणि कान लावला. सगळे खणखणीत वाजले, तेव्हा तिने हातोडी परत दिली. मग ती जीपमध्ये बसायला आली नाही. ती ट्रेलरमध्ये चढली. ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये माणसाने बसायचं नाही, हा बाबांचाच नियम होता, मासिकात वाचलेला. यावेळी त्यांनी तो मोडू दिला. मुलुंडपर्यंत त्यांनी असं चालवलं की मागून सायकली घंटा मारून पुढे जात होत्या. रस्त्यातला एकही खड्डा त्यांनी चुकवायचा सोडला नाही.

अंगणात पोचलो. बाबांनी मागे जाऊन दारावर बोटाने टकटक केलं.

"थोड्या वेळाने येते," आतून आई म्हणाली.

वरच्या गॅलरीतून आजीने विचारलं, आलात का, आणि चहाचं काय. बाबांनी दार पुन्हा वाजवलं नाही. मग ते वर गेले, आयुष्यात पहिल्यांदा ओट्यापुढे उभे राहिले आणि सात कप चहा ठेवला. चहा भयंकर झाला होता. आजीने एक घोट घेऊन तोंड उघडलं, बाबांकडे पाहिलं आणि उरलेला कप संपवला. सातवा कप झाकण ठेवून मी खाली नेला आणि दार न वाजवता पायरीवर ठेवून आले.