उजव्या हाताचा साचा

दादरची जागा विकून आम्ही भाईंदरला, गोडदेवला राहायला आलो, आणि नोकरी सोडल्यावर मी घरी मेणबत्त्या करायला लागले. सुरुवातीला साचे विकत आणायचे असतात हेच सुचलं नव्हतं. चहाचे कागदी कप, रिकामी सरबताची खोकी, जे हाती येईल त्यात मेण ओतायचे. एकदा प्लंबरने टाकून दिलेल्या पाइपच्या तुकड्यात ओतलं, तर मेणबत्ती बाहेरच येईना. शेवटी नवऱ्याने करवतीने पाइपच कापला.

"आता रीतसर साचे आण बाई," तो म्हणाला.

दिवाळीसाठी बिल्डिंगमधल्या बायकांनी मेणबत्त्या सांगून ठेवल्या होत्या, म्हणून मीही मनावर घेतलं.

त्याच आठवड्यात आमची मासेवाली वर आली. ती उत्तनची. आठवड्यातून तीनदा यायची, मासे दिले की स्वयंपाकघराच्या दारात टेकून पाणी प्यायची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय. त्या दिवशी गॅसवर गरम पाण्याच्या पातेल्यात मेणाचं भांडं ठेवलेलं तिने पाहिलं.

"हे सगला तूच करतेस?"

"हो."

"मंग मना येक हात करून देशील?"

मला कळेना. मग तिने सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी बोटीवर जाळं ओढताना तिच्या नवऱ्याचा उजवा हात दोरात अडकला होता. दोन बोटं काढावी लागली, उरलेली अजून हलत नव्हती. तिने नवस बोलला होता, मेणाचा हात देवळात ठेवायचा. देऊळ म्हणजे त्यांच्या गावचं चर्च. जत्रेत असे मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात, पण जत्रा नुकतीच होऊन गेली होती.

"उजवा पायजे हां. डावा न्हाय."

"हाताचा साचा मिळतो का बघते," मी म्हणाले.

दोन दिवसांनी मी मशीद बंदरच्या घाऊक बाजारात गेले. दुकानदाराने काउंटरवर साच्यांचा ढीग ओतला. सिलिकॉनचा साचा कसा बघायचा हे त्यानेच शिकवलं. दाबून बघा, भिंत पातळ असेल तर गरम मेणाने फुगतो. उलटा करून बघा, आतून खडबडीत असेल तर मेणबत्तीला चमक येत नाही. मी एकेक साचा दाबत, उलटत होते. मग सहज विचारलं, "हाथ का है क्या?"

त्याने आतून शोधून आणला. मनगटापासून बोटांपर्यंतचा उजवा हात. भिंत चांगली जाड, आत तळव्यावरच्या रेषासुद्धा स्पष्ट. त्या ढिगात त्याच्यापेक्षा चांगला साचा दुसरा नव्हता.

मी तो परत ठेवला. एका मेणबत्तीसाठी कशाला, असं मनाशी म्हटलं. दिवाळीत हात कोण घेणार, असंही म्हटलं. खरं सांगायचं तर मावशीच्या नवऱ्याचा तो तुटलेला हात माझ्या दिवाळीच्या कमळ-गुलाबांशेजारी मला नको होता. मी कमळ घेतलं, गुलाब घेतला, पणती घेतली. मोदक कोणी मागितला नव्हता, तरी मोदकाचाही घेतला.

शुक्रवारी मावशीने टोपली उतरवायच्या आधीच विचारलं, "मिलाला?"

"नाही हो मावशी. सगळा बाजार फिरले." दुसरं वाक्य बोलायची गरज नव्हती. ते बोलताना मी टोपलीतल्या पापलेटांकडे बघत होते.

"ऱ्हाऊ दे. तू फिरलीस, तेच खूप झाला."

पुढच्या आठवड्यात तिने टोपलीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मेणाचा हात होता. तिने किनाऱ्यावरच्या ओल्या रेतीत स्वतःचा उजवा हात दाबला होता, आणि घरातल्या जुन्या मेणबत्त्या वितळवून त्या खळग्यात ओतल्या होत्या. बोटं सुजल्यासारखी जाड, सगळीकडे रेतीचे कण, अंगठा मोडून पुन्हा चिकटवलेला.

"वात तेवढी सरल बसली न्हाय. बघ जरा."

मी सुई तापवून भोक पाडलं, वात ओवली, वरून थोडं मेण सोडलं. मावशी माझ्या हातांकडे कौतुकाने बघत होती. घरात आम्ही दोघीच होतो. तेव्हा सांगता आलं असतं.

"छान झालाय," एवढंच मी म्हणाले.

दिवाळीनंतर ती यायची थांबली. नवरा समुद्रावर जाऊ शकत नव्हता, म्हणून ती गावातच मासळी सुकवायच्या कामाला लागली होती, असं दुसऱ्या मासेवालीकडून कळलं. थंडीत एकदा मी बसने उत्तनला गेले. मावशी बांबूंवर बोंबील टाकत होती. मला बघून तिने हात धुतले आणि घरी नेलं. नवरा ओटीवर बसून डाव्या हाताने जाळं सांधत होता. उजवा नुसता मांडीवर ठेवलेला.

"हीच का ती?" तो उठून उभा राहिला. "माज्या हातासाठी सगला बाजार फिरली ती?"

शेजारची बाई डोकावली, तर तिलाही त्याने तेच सांगितलं. मला बसायला खुर्ची दिली. मी खाली बघत चहा प्यायले.

मावशी बसस्टॉपपर्यंत पोचवायला आली. तिथे मी एकदाची बोलले. "मावशी, साचा होता. मीच घेतला नाही."

रस्त्याकडे बघणारी मावशी माझ्याकडे वळली.

"उजवा होता?"

"उजवा."

तिने पदर खोचला. "यांना नको सांगूस, बाय. त्यांच्यासाठी कोनी येवढा फिरला, याचा त्यांना लय बरा वाटते."

मी माफी मागणार होते, पण बस आली, आणि चढ चढ म्हणत तिनेच मला आत ढकललं.

उन्हाळ्यात ती पुन्हा भाईंदरला यायला लागली. आमच्या बिल्डिंगमध्ये नाही, पलीकडच्या गल्लीत बसते. मी तिथे जाऊन मासे घेते. ती ताजेच काढून देते. नवऱ्याचं विचारलं तर "हाय बरा" म्हणते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.