मणक्यांची वेळ

पाचव्या महिन्यात गोंदियाच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये डॉक्टरीणबाई बोलता बोलता गप्प झाल्या. पोटावरचं यंत्र त्या पुन्हा पुन्हा एकाच जागी आणत होत्या. "पाठ नीट दिसत नाहीये," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी नागपूरची चिठ्ठी दिली.

नागपूरला स्पष्टच सांगितलं. बाळाचे मणके सुटे झालेलेच नव्हते. काही अर्धे, काही एकमेकांना चिकटलेले. बरगड्याही तशाच, छाती अरुंद. जन्मल्यावर बहुतेक श्वास घेता येणार नाही. नवरा डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिला. मला मात्र सगळं कळलं. मी सालेकशाजवळच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते.

एम.एस्सी.ला आम्ही कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून आत बघायचो. पाठीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक ठोकळे दिसायचे, जोडीजोडीने. त्यांतूनच पुढे मणके होतात. पेशींच्या आत एक घड्याळ असतं. त्याचा ठोका पडला की एक जोडी सुटी होते. कोंबडीत दीड तासाला, माणसात साधारण पाच तासांनी. परीक्षेत हे लिहून मी चांगले मार्क मिळवले होते.

परतताना मी बोटांवर मागे मोजत गेले. हे सगळं गर्भाच्या चौथ्या आठवड्यात होतं. तेव्हा पाळी लांबल्याचंही मी मनावर घेतलं नव्हतं. काय केलं होतं मी त्या दिवसांत? दोन दिवस कणकण होती, एक गोळी घेतली होती. रोज रस्त्यातल्या खड्ड्यांतून स्कूटीने कॉलेजात गेले होते. चुकलेला एक तास सापडला असता, तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

सासूने शोधलाच. "मी म्हनत होती ना, गाडीवर नोको जाऊ म्हनून! कायले आयकत नाही वो तू?"

गर्भ काढायची तारीख मी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा गेले नाही. बाळ हलत होतं.

आठव्या महिन्यात मुलगी झाली. अर्धा तास जगली. दाट काळे केस होते तिला. बोटांना नखंही आलेली. सगळं वेळेवर झालं होतं, पाठ तेवढी सोडून.

काही आठवड्यांनी आमच्या रक्ताचे रिपोर्ट आले. जनुकातला दोष दोघांकडूनही आला होता. स्कूटीचा, तापाचा, गोळीचा कशाचाच संबंध नव्हता. तिचं घड्याळ पहिल्या दिवसापासूनच बिघडलेलं होतं, आणि पुढच्या प्रत्येक वेळी चारात एक शक्यता तीच. दवाखान्याच्या फाटकाशी नवरा थांबला.

"मायले नोको सांगू, माह्याकडूनबी आहे म्हनून. तिले सहन नाही होनार."

"अन् मला होते?"

"तुले समजते. तू शिकलेली आहेस."

 सासूला मी काही सांगितलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तेव्हा अंगात भांडायचं बळ नव्हतं, आणि नंतर वेळ निघून गेली.

यंदा धानाच्या रोवण्याच्या वेळी सुट्टी होती म्हणून मीही बांदीतल्या चिखलात रोपं लावायला उतरले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "अजून काही नाही काय वो?" माझ्याऐवजी सासूच बोलली, "गाडीनं घात केला ना बाई. सांगितलं तं आयकते कोन?"

नवरा बांधावरून रोपांच्या पेंढ्या फेकत होता. त्याने ऐकलं. हातातली पेंढी तशीच धरून क्षणभर उभा राहिला. मला वाटलं, आता बोलेल.

त्याने पेंढी माझ्या पुढ्यात टाकली आणि पलीकडच्या बांदीकडे निघून गेला.