साडभाऊंची लाथ

आमच्या साडभाऊंसारखा माणूस पांढरकवड्याच्या उन्हाने याआधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर आता उन्हालाच त्यांची धास्ती बसली आहे. एप्रिल अर्धा सरलेला असतो. दुपारी एक वाजता डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं, कावळेसुद्धा एसटी स्टँडच्या पंख्याखाली जागा धरतात आणि कूलरसमोर कोणी झोपायचं यावरून चांगल्या घरांत अबोले सुरू होतात. अशा वेळी माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे पन्नाशी उलटलेले यजमान डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, खिशात कांदा टाकतात आणि घाटंजी रोडने पळत सुटतात. मागे कोणी लागलेलं नसतं. पुढे कोणी वाट बघत नसतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोटारसायकलवरून पडता पडता वाचलो. आमच्याकडे मोठा माणूस दोनच कारणांनी पळतो. एक तर एसटी सुटलेली असते, नाहीतर कोणीतरी गेलेलं असतं. एसटी तर दिसत नव्हती. मी गाडी त्यांच्या बरोबरीने घेतली आणि आवाज शक्य तितका दुःखी करून विचारलं, "कोण गेलं जी?"

"कोणीच नाई. तुमी जा."

माझा विश्वास बसला नाही. घरी येऊन मी बायकोला एकेका म्हाताऱ्या नातेवाइकाला फोन लावून ते आहेत ना, याची खात्री करायला लावली. त्यातले एक मामा अजून आमच्याशी बोलत नाहीत. हायवेपाशी तर हैदराबादकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याने त्यांना पाहून ब्रेक मारला. जंगल जवळ, त्यात वाघाची बातमी ताजी. "पीछे शेर है क्या, काका?" त्याने विचारलं. साडभाऊंना दम लागला होता, म्हणून त्यांनी नुसताच मागे हात केला. ट्रकवाला जो गेला, तो बहुधा समुद्र लागल्यावरच थांबला असेल.

साडभाऊ जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहतात. मूठभर कापूस हातात घेऊन, डोळे मिटून, तो कुठल्या शेतातला आणि शेतकऱ्याचं घरी भांडण झालं होतं की नाही, हेही सांगतील. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. पावसाळ्यात ते उघड्यावर दिसल्याचं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. उरला उन्हाळा. पण उन्हाळ्यातही पहाटे पळावं ना माणसानं. हे मी एकदा बोललो, तर त्यांनी माझ्याकडे ओल्या कापसाकडे बघावं तसं बघितलं.

"पहाटे आभाळाचं काई समजत नाई. अन् बोंड ऊन खाल्ल्याबिगर फुटते काय, साडभाऊ? माणसाचंबी तसंच हाये."

त्या दिवशी त्यांचे ओठ मात्र खरोखर फुटले होते.

एवढं ऊन खाऊन अंगात काय पिकलं, तर दुखणी. पहिल्या वर्षी टाच गेली, दुसऱ्या वर्षी पोटरी, तिसऱ्या वर्षी उजवा गुडघा. टाचेला आराम म्हणून ते दुपारभर तळपायाखाली लाटणं घोळवत बसायचे. ही गोष्ट मला त्यांच्याकडे चौथी पोळी खाताना कळली. मी ताईंकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे, पाहिलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "धुते न मी." त्या पोळीचा घास आजही माझ्या घशात कुठेतरी उभा आहे. गुडघ्याच्या वर्षी ते रसवंतीवर जाऊन बर्फाच्या लादीला गुडघा टेकून बसत. रसवंतीवाले चाचा भले माणूस. ते एवढंच म्हणाले, "दादा, गुडघा ठेवा, पर जरा गिऱ्हाइकाच्या नजरेआड."

आणि याच पायाची तालुक्यात केवढी ख्याती. साडभाऊ पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर काढून आलेले. अशा माणसाची लाथ लागली की कमरेत भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं पोत्यासारखी पालथी पडलेली असायची. साडभाऊ उघड्या टाचेने एकेकाच्या कमरेला तीनदा हलकेच लाथ लावायचे, त्यांची माय आतून चहा पाठवायची, आणि माणसं ताठ होऊन चालती व्हायची. पैशाची बात नाही. वणीचा एक कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर सीटवर बसलेला असतानाच आखडला होता. त्याला बसल्या आकारात उचलून आणला आणि पालथा घालायचा कसा, यावरच अर्धा तास चर्चा झाली. जाताना मात्र तो दारात वाकून, चपला स्वतः घालून गेला. ताईंचा जीव तेवढा जळतो. "लोकायच्या कमरा सरळ करते, अन् सोताची टाच भुईले टेकत नाई." साडभाऊ पळतात हे कळल्यावर एक म्हातारेबुवा खेड्यावरून मुद्दाम समजावायला आले होते. "पाय जपून वापरा जी. तो काय तुमच्या एकट्याचा हाये?"

आमच्याकडे एक मेला सकाळी दहा किलोमीटरची दौड असते. घाटंजी रोडने पाच जायचं, पाच यायचं, पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मेडल. त्या एका मेडलसाठी साडभाऊंचा सगळा उन्हाळा. तीन वर्षं त्यांनी नाव दिलं, तीन वर्षं ऐन सकाळी दुखणं उपटलं आणि ते घरी बसले. मेडल नाही म्हणून ताईंनी भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याला चाळणी अडकवली. चौथ्या वर्षी मी शपथेवर सांगितलं, की यंदा मी बाजूने मोटारसायकल चालवणार, आणि पाय तुटला तर पायासकट पोचवणार.

सुटायच्या वेळी सगळे चुना मारलेल्या रेघेकडे बघत होते. साडभाऊ वर बघत होते. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. ते सुटले, आणि काय सांगू, पहिले पाच किलोमीटर माझ्या गाडीला गिअर बदलावा लागला. वळणाच्या ठिकाणी वळसा घेतला आणि घाटंजीकडून एक काळा ढग वर आला. वारा सुटला, धूळ उठली. साडभाऊ लंगडायला लागले.

"गुडघा?" मी विचारलं.

"गुडघा," ते म्हणाले आणि त्यांनी डावा गुडघा धरला.

दुखरा तर उजवा होता. मी काही बोलणार, तेवढ्यात लांब कुठेतरी गडगडलं आणि हा लंगडा माणूस हरणासारखी उडी मारून एसटीच्या निवाऱ्यात शिरला. मी आत गेलो. साडभाऊ बाकड्यावर दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसले होते. चेहरा पांढरा कापूस.

"मी पायाळू हावो न," ते हळूच म्हणाले. "पायाळूले वीज शोधत येते. ढगाखाली उघड्यावर निंगणार नाई, असं लहानपणी मायले वचन देल्लं. पोरं पावसात पळत, मी खिडकीत बसो. मलेबी पळाचं होतं, साडभाऊ."

पावसाळ्यात दडून बसणं, भर दुपारचं ते ऊन, ऐन सकाळची ती दुखणी, सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. बोंड वगैरे सगळं थोतांड होतं. हा माणूस इतकी वर्षं फक्त बिनढगाचं आभाळ शोधत पळत होता. मागचे पळणारे एकेक करून आमच्यासमोरून पुढे गेले. शेवटचा गेला तेव्हा साडभाऊंनी मान फिरवली. चाळणीला आणखी एक वर्ष मिळालं, हे त्यांना कळलं होतं.

मी निवाऱ्यामागे, आवाज आत जाणार नाही इतकं लांब जाऊन त्यांच्या मायला फोन लावला. म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून सगळं ओरडून सांगितलं.

"अजून बसते काय तो ढगाले पाहून?"

"आजबी बसला, माय."

"कायचा पायाळू, बाबू. डोक्यानंच आलता तो. घरामागं नाला होता. पूर आला का हा धावत जाये पाहाले. शेजारचं पोरगं वाहून गेलतं. मले दुसरं काई सुचलं नाई. म्हटलं, तू पायाळू हायेस, वीज तुलेच पाहून राह्यली."

तालुक्यातल्या झाडून सगळ्या कमरा माझ्या डोळ्यांसमोर रांगेने उभ्या राहिल्या, सरळ. "मंग त्या उसणी कशा उतरल्या, माय?"

"मले काय मालूम. लोक येत गेले, मी चहा ठेवत गेली."

"सांगू काय त्याले?"

"नको. आता त्याचे पाय काढून नको घेऊ. ढग कुठं हाये?"

"लांब, घाटंजीकडंच सरकून राह्यला."

"मंग सांग, मायनं वचन वापस घेतलं. पळ म्हणा."

मी आत येऊन सांगितलं. त्यांनी मान वर केली. "माय असं म्हणे?"

"असंच. इथून पुढं विजेचं माय पाहते म्हणे."

त्यांनी एक पाय खाली सोडला, पाणी कितपत तापलं बघावं तसा. मग दुसरा. आणि निघाले. लांब गडगडलं की मान खांद्यात जायची, पण पाय थांबले नाहीत. पोचलो तेव्हा मंडप सोडत होते आणि मेडल देणारे गृहस्थ तर्रीपोहे खात होते. त्यांनी तर्रीच्याच हाताने साडभाऊंच्या गळ्यात मेडल घातलं. साडभाऊंनी उजवा गुडघा धरला होता. यंदा खरा.

खिळ्यावरची चाळणी उतरली. गेल्या हिवाळ्यात माय गेली, आणि ही गोष्ट जगात माझ्या एकट्यापाशी उरली. साडभाऊ पेपरात हवामानाशिवाय काही वाचत नाहीत, म्हणून बिनघोर लिहितो आहे. आता ते श्रावणातही पळतात. फक्त अंगणात आल्यावर घराकडे कान देऊन जरा थांबतात, आतून कोणी हाक मारते की काय म्हणून.

मागच्या महिन्यात कूलर उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. सगळं माहीत असलेला मी, भिंत धरत धरत गेलो आणि त्यांच्या ओट्यावर पालथा पडलो. मे महिन्यातल्या काळ्या जमिनीसारखी भेगाळलेली ती टाच तीनदा कमरेला लागली.

"बरं वाटते?" त्यांनी विचारलं.

मी उठून उभा राहिलो. सरळ.

"वाटते," मी म्हणालो. आत ताईंनी चहा ठेवला होता.