तळ्याची चिकण माती

लोधीखेड्याच्या रस्त्यावरचं आमचं तळं बेशरमच्या झुडपांनी बुजून गेलं होतं. शाळेतून निवृत्त होऊन मी रिकामाच होतो. घरोघरी फिरलो, माणसं गोळा केली आणि दोन महिने आम्ही बेशरम उपटली. तळ्यात कचरा टाकणाऱ्यांवर मी तेव्हा जाम भडकायचो. भडकायला मला आवडायचंही.

मग गाळ काढायचा ठरला. ज्याला हवा त्यानं फुकट न्यावा, हे मीच सुचवलं. संत्र्याच्या गावात एवढं सांगायचा अवकाश, ट्रॉल्यांची रांग लागली. गाळ संपला तरी हटेना.

तळ्यात दरवर्षी शिंगाडा लावणारी, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली एक बाई होती. तिचं घर त्यावरच चालायचं. ती माझ्याकडे आली.

“गुर्जी, आता थांबवा. खालची चिकण काढून राह्यले हे लोक. तिच्यानंच पानी थांबते.”

मी उलट तिलाच समजावलं, की तळं जितकं खोल तितकं पाणी जास्त. जन्मभर भूगोल शिकवला होता ना!

पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. आम्ही नारळ फोडला, फोटो काढले. दसऱ्याला तळाचा मुरूम उघडा पडला होता. पाणी सगळं जिरलं आणि शिंगाड्याच्या वेली जागच्या जागी वाळल्या.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. कोणी पावसाला दोष दिला, कोणी नशिबाला. माझं टाळकं सरकलं. लुटारू आहात सगळे, म्हणालो. चिकण परत आणून तळाशी ठोकून बसवा, नाहीतर तळ्याचं नाव काढू नका. ती बाई तेवढी उठली.

“बराबर बोलले गुर्जी. पहिली टराली तुमच्याच बगीच्यातून येऊ द्या.”

सगळ्यात आधी ट्रॅक्टर लावला होता तो मीच. त्या क्षणी मला तिचाच संताप आला, हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

घरी आल्यावर बागेत गेलो. त्या मातीवर झाडं संत्र्यांनी कधी नव्हती एवढी लदली होती. बहार उतरला की माती परत नेऊ, असं ठरवलं. तो उतरला, त्यानंतरचाही उतरला. माती अजून माझ्याच झाडांखाली आहे. ती बाई बोरगावला एका कारखान्यात झाडू मारायला जाते, आणि रस्त्यात भेटली की मान मी फिरवतो.